घटात गेलेले तीनशे दाणे

एक समई चिंचेनं घासून लख्ख झाली होती, दुसरी अजून काळीकुट्ट, आणि सुनीतीबाई तशाच ओल्या हातांनी घरभर गहू शोधत होत्या. घटस्थापनेचा मुहूर्त टळायला जेमतेम अर्धा तास. परडीत काळी माती भरलेली, पण पेरायला घरात दाणा नाही. उमरखेडच्या या सुगृहिणीकडे वर्षभरापासून तयार पिठाची पिशवी येत होती. शेजारच्या हंसाबाईंना ते कळू नये म्हणून त्या गव्हाची कोठी रोज पुसत. रिकामीच.

तेवढ्यात लेकीच्या टेबलावर तीन पुड्या दिसल्या. टपोरा गहू! "आईनंच धाडला," म्हणत त्यांनी देवीला हात जोडले, पुड्या परडीत रित्या केल्या, पाणी शिंपडलं, घट बसवला, अखंड दिवा लावला. स्वतःच्या प्रसंगावधानाचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की आरतीचं एक कडवं गाळलं गेलं.

लेक अनघा यवतमाळला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन. एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत तिची इंटर्नशिप चालू होती. घरी येताना तिला काम दिलं होतं: शंभर दाणे लाल उजेडात, शंभर निळ्या, शंभर अंधारात, आणि रोज मोड मोजायचे. गल्लीत लेकीचं शिक्षण सुनीतीबाईच समजावून सांगत. आपण पहिल्याच वर्षी भौतिकशास्त्रात आपटून बोहल्यावर चढलो, एवढं मात्र सांगायचं राहून जाई.

"आई, माझ्या पुड्या?" अनघा न्हाऊन आली आणि परडीकडे बघतच राहिली. "काहून हात लावला? वर चिठ्ठ्या होत्या ना! हे गेलं तर इंटर्नशिपचे गुण गेले, अख्खं सत्र परत करा!"

"मला वाटलं, दुकानाचं नाव असेल."

"उकरते मी."

"बापा! बसलेला घट उकरतेत काय कोनी?" दर्शनाला आलेल्या हंसाबाई दारातूनच म्हणाल्या. "पन ताई, तुमच्या घरी गहू नव्हता काय?"

"पीठ होतं," पेपराआडून यज्ञेश्वरराव म्हणाले.

सुनीतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. अनघाचा फोन घेतला आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांना लावला.

"सर, मी अनघाची आई. पोरीनं दाणे हरवले नाहीत, मी पेरले."

"कशात?"

"घटात."

"पाणी किती घातलं?"

"श्रद्धेनं घातलं, सर."

पलीकडे बराच वेळ खोकला. मग सर म्हणाले, "त्याच पोत्यातला गहू आज संध्याकाळच्या आत भिजत पडला, तर प्रयोगाची तारीख बदलून देतो. उद्या नाही चालणार."

पुड्यांतले दाणे ढाणकीच्या हाफिजभाईंच्या बियाण्याच्या दुकानातल्या पोत्यातले. अनघानं फोन केला. "थोडासा उरला बेटा, ठेवतो. पण दोनला दुकान बंद करून राह्यलो," हाफिजभाई म्हणाले.

अनघाला लाल-निळे दिवे लावून प्रयोगाची खोकी तयार करायची होती. पहिल्या माळेला अखंड दिव्यापासून सुनीतीबाई वीस वर्षांत उठल्या नव्हत्या. देवीनं आपल्याकडून दिवा मागितला होता, मुलीचं सत्र नव्हे, असं त्यांनी ठरवलं आणि तेलाचं भांडं नवऱ्याच्या हाती दिलं.

"वात पुढे सरकवायची. आणि फुंकर मारायची नाही!"

मग पदर खोचला आणि ढाणकीची बस धरायला निघाल्या: हाफिजभाईंकडून अर्धा किलो गहू आणायला.