दंडावरची दोरी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते कर्जतच्या शाळेतल्या गोविंदमास्तरांचे. पोशीर गावच्या भातखाचरातून त्यांनी मला शाळेत नेले. वडिलांची समजूत घालून पुढे पुण्याला वैद्यकी शिकायला धाडले. आमच्या घरात परीक्षा पास झालेला मी पहिला.

मास्तर वर्गात स्वतःच्या दंडाला दोरी बांधत. हातावरच्या निळ्या शिरा फुगत. "या शिरा रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे परत नेतात. वाट अडली, म्हणून फुगल्या." मग एक शीर बोटाने दाबून धरत आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वर सारत. रिकामी झालेली शीर वरून भरत नसे. "आत झडपा आहेत. रक्त मागे फिरत नाही." एवढ्यात घंटा होई. दोरी दंडावर तशीच असे.

विलायतेच्या राणीसाहेबांचे राज्य होते. मी पायदळ पलटणीत हॉस्पिटल असिस्टंट होतो. पनवेलहून पुण्याकडे मार्च चालला होता. खोपोलीच्या मुक्कामी पाचला बिगुल झाला. सहाला आम्ही बोरघाट चढू लागलो. माझ्या पुढे शिपाई धोंडू होता, खालापूरचा.

"डागदर, पोशीरचा तांदूळ खाऊन बी तुमी काडीच! डोली तुमालाच लागंल."

"तू पुढे बघून चाल."

साडेआठला एका वळणावर तंबूंची बैलगाडी मागे घसरली. धोंडू चाकाला दगड लावायला धावला. गाडी उलटली. चाकाच्या लोखंडी कडेने त्याची पोटरी फाडली. गाडीवानाचा हात मोडला.

आमच्या गावांत पायाला साप चावो की कोयता लागो, आधी वर आवळून बांधतात. माझ्या हातांनी तेच केले. धोंडूच्या गुडघ्याच्या वर फडक्याची पट्टी बांधली आणि गाडीवानाकडे वळलो.

"धोंडू, ठीक ना?"

"बरा हाय. त्याचं बघा."

दहा मिनिटांनी परतलो, तर माती भिजली होती. रक्त काळसर होते; उडत नव्हते, एकसारखे वाहत होते. म्हणजे शिरेचे. माझ्या पट्टीने धमनी बंद झाली नव्हती, फक्त परतीची वाट अडली होती. धमनीतून पायात उतरणारे रक्त जखमेतून बाहेर येत होते.

मी गाठ सोडू लागलो. पलटणीचे हवालदार ओरडले, "डॉक्टर, सोडू नका! मरेल तो!"

"बांधल्यानेच मरतोय. पाय वर धरा."

त्यांनी पाय खांद्यावर घेतला. मी जखमेवर कापडाची घडी दाबून धरली. थोड्या वेळात रक्त थांबले. पण गेले होते ते फार होते.

डोलीत घालून वर नेताना धोंडूने पाणी मागितले. दोन घोट घेऊन म्हणाला, "डागदर, डोली मलाच लागली की वो."

अकरा वाजता त्याची नाडी थांबली. लोणावळ्याच्या मुक्कामी मी पत्र लिहिले.

"तीर्थस्वरूप गोविंदमास्तरांस साष्टांग नमस्कार. मी बांधलेल्या पट्टीने खालापूरचा शिपाई धोंडू गेला. आपला धडा मला आठवला, पण दहा मिनिटे उशिरा. विनंती एकच. वर्गात दोरी बांधून दाखवता, तशी घंटेपूर्वी सोडूनही दाखवा. शिरा कशा ओसरतात ते मुलांना पाहू द्या. आणि त्या वेळी धोंडूचे नाव सांगा."