दमधरे आबांचा कोबा

आबांना घाई हा प्रकारच माहीत नव्हता. चकलांब्याला जाणारी एसटी वळणावर दिसायला लागली, तरी हे चपलेतला खडा काढत बसायचे. कुणी हाक मारली तर म्हणायचे, "दम धर की, गाडी काय आपल्यावर रुसलीय का?" गाडी रुसायची नाही, सरळ निघून जायची. मग आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसून पुढच्या गाडीची वाट बघायचे, आणि तेही अगदी मजेत. 'दम धर' हे त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की लोकांनी त्यांचं आडनावच दमधरे करून टाकलं होतं. नवीन माणसाला ते खरंच वाटायचं.

नात्यानं ते माझे चुलत सासरे. त्यांचं घर आणि आमचं घर शेतातच, मध्ये फक्त एक बांध. माझा नवरा ट्रकवर, कधी उगवेल आणि कधी मावळेल याचा नेम नाही. आबांची बायको वारलेली, आणि एकुलता मुलगा बाळू चाकणला कंपनीत. म्हणजे त्या सगळ्या शिवारात घरं दोन आणि प्रत्येक घरात माणूस एक. संध्याकाळी आबा शेळ्यांशी बोलायचे ते मला ऐकू यायचं, आणि मी भांडी जरा जोरात आपटली की ते बांधावरून विचारायचे, "काय झालं गं सुनबाई? कुणावर राग काढलास?" राग काढायला तरी माणूस कुठं होतं?

आबांचा जन्म सगळा शेळ्यामेंढ्यांमागं फिरण्यात गेलेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी कळप विकला, पण मोजक्या शेळ्या ठेवल्याच. पाण्यावर नेल्या की शेवटची शेळी पिऊन बाजूला होईपर्यंत हे स्वतः घोटभर पाणी प्यायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, चहा निवून चाललाय, या ना आधी." तर म्हणाले, "मुकं जनावर हाय सुनबाई. त्याला म्हणता येतं का, मला आदी दे म्हणून?" मी चहा पुन्हा गरम केला. चहा पुन्हा गरम करणं हे माझं त्यांच्या बाबतीतलं कायमचं काम होतं.

शिमग्याच्या सुमारास बाळू बायको आणि लेकीला घेऊन आला. पावसाळ्यात चिखलात उभं राहून शेळ्यांचे खूर सडायचे, म्हणून त्यानं ठरवलं की खाली काँक्रीटचा कोबा करायचा आणि वर लोखंडी अँगल ठोकून पत्र्याचं शेड उभारायचं. मिस्त्री आला, खडी-वाळू आली, कोबा ओतला. ते दोन-चार दिवस आबांच्या घरातून लहान पोरीचं हसणं ऐकू येत होतं. मिस्त्रीनं कोब्याच्या कडेनं मातीचे बांध घातले, वर पोती अंथरली, आणि बजावलं की सिमेंटला पाणी पाजल्याशिवाय ते ताकद धरत नाही, मी सांगेपर्यंत हे वाळू द्यायचं नाही. बाळू निघताना म्हणाला, "आबा, चांगला पक्का होऊ द्या. पक्का झाला की मी येतो अन् शेड उभं करून देतो."

थांबायचं काम, आणि तेही आबांना! माझ्या बोअरवरून नळी ओढून ते सकाळ-संध्याकाळ कोब्यावर पाणी मारू लागले. दुपारी पोत्यांवर हात ठेवून बघायचे. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. एरवी सणाला किंवा कुणी वारलं तरच येणारा बाळूचा फोन आता रोज संध्याकाळी यायला लागला. आबा फोन कानापासून लांब धरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलायचे.

"पाणी मारलं का आबा?"

"मारलं. आज ऊन लई व्हतं, दुपारच्याला बी मारलं."

"बरं. ठेवू का?"

"थांब की. त्या कोपऱ्याला जरा हिरवट दिसतंय. काय असंल?"

मग त्या कोपऱ्यावर बोलणं व्हायचं. कोपरे संपले की मधला भाग. फोन ठेवल्यावर आबा बांधावर येऊन मला सगळं पुन्हा सांगायचे, जसं काही मी बहिरी होते.

चैत्र सरत आला तेव्हा मिस्त्री येऊन पायानं कोबा ठोकून बघून गेला. "झाला की आबा! आता काय मासे सोडायचेत ह्याच्यात?" आबा म्हणाले, "दम धर. मधी अजून कच्चा वाटतोय." मिस्त्री हसत निघून गेला. त्याच संध्याकाळी मी आबांना फोनवर बोलताना ऐकलं, "मिस्त्री म्हणतोय, अजून राहू द्या." मी चुलीपुढं बसल्या बसल्या कपाळावर हात मारून घेतला. माझा बोअर तोवर गाळ ओढायला लागला होता. "आबा, प्यायला पाणी राहीना अन् तुमी कोब्याला पाजताय. त्याला काय कणसं लागायचीत का?" ते ओशाळले. नळी गुंडाळून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या प्यायच्या घागरीतलं पाणी नेऊन कोब्यावर ओतलं.

मग वळीव झाला, गारांसकट. अँगल आणि पत्रे घराच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि शेळ्या बाभळीखाली बांधलेल्या. आम्ही दोघांनी धावपळ करून त्या घरात ओढल्या, पण एक गाभण शेळी गारांनी झोडपली गेली आणि सकाळी गाभडली. मेलेली दोन पिल्लं आबांनी बांधाकडेला पुरली. मला राहवलं नाही. "कोबा कवाच पक्का झालाय. शेड असतं तर ही पाळी आली असती का? कावून खोटं बोलता पोराशी?"

आबा बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पाणी थांबलं की फोन थांबंल, सुनबाई," ते म्हणाले. "त्यो दुसरं काय इचारणार मला? माझ्याजवळ हाय काय?" मग शेळीकडं बघत म्हणाले, "पर जित्राबाचं वाईट केलं म्या. आजवर कधी केलं न्हवतं."

मी उगाचच त्यांच्यासाठी चहा टाकायला उठले. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आबांनी तो उभ्यानंच घेतला. "न्हाई मारलं पाणी. पक्का झालाय. ये."

बाळू रविवारी वेल्डिंगवाल्याला घेऊन एकटाच आला. दुपार कलायच्या आत शेड उभं राहिलं. माझ्याकडं पिठलं-भाकरी खाऊन तो संध्याकाळच्या गाडीनं परतला, दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. पुढं काही दिवस फोन आला. शेड बरं हाय का? बरं हाय. शेळ्या? बऱ्या हायेत. एवढ्यात संपायचा. मग तोही थांबला. आबा मात्र फोनच्या वेळेला शेळ्यांना जवळजवळ हाकलतच घरी आणायचे आणि फोन मांडीवर घेऊन बसायचे. बाळूचा मला भयंकर राग यायचा. "मी लावते त्याला फोन अन् चांगली सुनावते," मी म्हणायचे. आबा मान हलवायचे. "नगं. मागून घेतलेला फोन काय कामाचा?"

थंडीत एका सकाळी शेळ्या ओरडत राहिल्या आणि त्यांना कुणी काही बोलेना, तेव्हाच मला कळलं. आबा झोपेतच गेले होते. त्यांना उठवायला म्हणून मी कितीतरी वेळ नुसत्या हाका मारत होते.

दहावा झाल्यावर पाहुणे पांगले. बाळू शेडमध्ये कोब्यावर बसला होता. मी चहा घेऊन गेले, आणि बोलायचं सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं. "एक फोन करता येत न्हवता का रे तुला?"

"वहिनी," तो कोब्याकडं बघत म्हणाला, "कोबा झालाय म्हणून मिस्त्रीनं मला तवाच सांगितलं व्हतं."

"मग रोज पाणी मारलं का म्हणून कावून इचारायचास?"

"आबा दुसऱ्या कशावर बोलायचे? ल्हानपणी ते सदा रानात, शेळ्यांमागं. आमाला एकमेकाशी बोलायची सवयच न्हवती. कोब्यावर लई चांगलं चाललं व्हतं. मग एक दिवस म्हणले, पक्का झालाय, ये. मला वाटलं, त्यांना कटाळा आला माझ्या फोनचा."

पाणी थांबलं की फोन थांबंल, असं आबा म्हणाले होते, ते मी त्याला सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं. एवढा बाप्या माणूस, पण गुडघ्यात डोकं घालून रडला.

जाताना त्यानं शेळ्या माझ्या दावणीला बांधल्या. म्हणाला, "वहिनी, शेळ्या कशा हायेत म्हणून इचारायला फोन करत जाईन."

"शेळ्या कशाला मधी?" मी म्हटलं. "नुसता कर."

करतो. संध्याकाळी फोन वाजतो. नुसताच केलेला असल्यामुळं काय बोलावं ते त्याला सुचत नाही, मलाही सुचत नाही. तिकडून गाड्यांचा आवाज येत राहतो, इकडून शेळ्यांचा. पण ठेवू का, असं दोघांपैकी कुणी म्हणत नाही.