बायची मशेरी

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "विडी चालू ठेवणार असाल तर पुढचा शिमगा दिसायचा नाही," म्हणाले. खोकताना रक्त पडू लागलं तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं. रत्नागिरीच्या बंदरावर मी आगबोटीचा माल उतरवून घेत असे. दम लागला की विडी, विडी ओढली की पुन्हा दम.

घरात मी आणि माझी थोरली विधवा बहीण. तिला मी बाय म्हणे. तिने माझ्या विड्या चुलीत घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी माणसांत उरलो नाही. भात कडू लागे, हात कापत, गोड शब्दालाही मी खेकसे. यापेक्षा मरण बरं, असं अगदी मनापासून वाटे.

बाय मशेरी लावायची. तंबाखू खापरावर काळी होईतो भाजायची, चुरायची आणि त्या भुकटीने दात घासायची. आमच्याकडे घरोघर बायका हेच करतात. दात घासायच्या वस्तूला व्यसन कोण म्हणणार! म्हणून विडी बंद झालेल्या त्या घरात तंबाखू खुशाल भाजली जात होती, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका सकाळी खापर चुलीवर ठेवून बाय घरामागच्या परड्यात गेली. वास आला आणि मला राहवेना. वाफारा घेतात तसा डोक्यावरून पंचा घेतला, खापरावर वाकलो आणि छाती भरून धूर ओढला. असा खोकला लागला की तिथेच आडवा झालो. पंचा रक्ताने भरला.

बाय धावत आली. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. तिने माझी पाठ चोळली, मग खापर उचलून दगडावर आपटलं.

"माजीच अक्कल शेण खायला गेली. आजपासून ह्या घरात तंबाखू नाय. तुजी नाय नि माजी पण नाय."

मग तिचेही हाल सुरू झाले. डोक्याला फडकं करकचून बांधून ती भिंतीशी बसे. हिरड्या ठणकत, पोट साफ होत नसे. ती माझ्यावर ओरडे, मी तिच्यावर. एकदा आमटीतल्या मिठावरून भांडता भांडता दोघंही रडलो.

"बाय, मला नाही जमत. मरू दे मला."

"बरं. मग माज्यासाठी पण आण तंबाखू. जा."

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. वळून पाहिलं तर तिचे हात माझ्यासारखेच कापत होते. परत येऊन तिच्याजवळ बसलो. हा जीव तिने राखला. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

पुढे वर्षा-दोन वर्षांत छाती सुधारली. विडीची आठवणही येईनाशी झाली. तेव्हा मोठ्या हौसेने मी बायसाठी तंबाखूची पुडी आणली. "आता लाव खुशाल. मला काही होत नाही."

तिने पुडी नाकाशी धरली, बराच वेळ धरली. मग माझ्या हातात परत दिली.

"दुकानात देऊन ये," ती म्हणाली. "मला अजून रोज हवीशी वाटते रे."