गिरणेचं गुडघाभर पाणी

माझी काकू गुडघाभर पाण्यात बुडाली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आमचाही बसला नव्हता.

श्रावणातल्या त्या सोमवारी कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, विसर्जन होतं. मी जळगावहून दरवर्षी माहेरी जाते ती याचसाठी. नथ घातलेला, कुंकू भरलेला नारळ चौरंगावर ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या सुनेने तो डोक्यावर घेऊन नदीत उतरायचं, अशी आमच्याकडची रीत. काकू तेव्हा घरातली मोठी सून होती. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. मी काठावर चप्पल शोधत रेंगाळले तर म्हणाली, तुम्ही शहरातल्या बाया बादलीत आंघोळ करणाऱ्या, तुम्हाला नदीची काय माहिती. बायका हसल्या, मीही हसले.

गिरणेला पूर नव्हता. वरच्या धरणातून थोडं पाणी सोडलेलं, गढूळ, पण इतकं संथ की वाहतंय की नाही तेही कळेना. ज्या उतारावरून काकू लग्न झाल्यापासून नदीत जात होती, त्याच उतारावरून ती निघाली. तो उतार तिच्या पायांना घरच्या ओट्यासारखा पाठ होता. तिथेच घात झाला. उन्हाळाभर ट्रॅक्टरवाल्यांनी पात्रातली वाळू उपसली होती आणि पाणी आल्यावर खड्डे झाकले गेले होते. वरून सगळं सपाट. खड्ड्यांचं गावात सगळ्यांना माहीत होतं, पण देवीची वाट कुणी खोदेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

पाणी गुडघ्यापर्यंत होतं, आणि पुढच्या पावलाला काकू गळ्यापर्यंत गेली. चौरंग डोक्यावरून निसटला. आम्हाला वाटलं, नारळ बुडवायला ती खाली बसली. मग तिचे दोन्ही हात वर आले. ते थरथरत होते.

"माय उनी वं, माय उनी," माझ्याशेजारची म्हातारी अक्का म्हणाली.

आमच्याकडे विसर्जनाला कुणाच्या तरी अंगात देवी येतेच. झालं, बायकांनी हात जोडले. वाजंत्रीवाल्यांनी जोर धरला. दोघी तर काठावर लोटांगण घालायला वाकल्या. त्या वाजंत्रीत काकू ओरडली असेल तर कुणाला ऐकू गेलं नाही. हात खाली गेले, पुन्हा वर आले, आणि मग आलेच नाहीत. तरी गाणं चाललंच होतं. चौरंग एकटाच तरंगत बाजूला निघाला तेव्हा नानांच्या, माझ्या काकांच्या, लक्षात आलं. ते धोतरासकट पाण्यात धावले. तेही बुडू लागले तेव्हा त्यांना तरुण मुलांनी ओढून काढलं.

काकू सापडली ती उन्हं कलल्यावर. खड्ड्यात बांबू घातला तर तळ लागेना.

मी नानांना म्हटलं, तक्रार करा, कोण वाळू नेतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.  ते म्हणाले की आपल्या घराच्या स्लॅबलाही तीच वाळू आहे. मला त्यांचा संताप आला. त्यांची कीवही आली, पण संताप जास्त.

गावाने मात्र दुःखावर लगेच तोडगा काढला. देवीने तिला मांडीवर घेतलं, असं भाग्य कुणाला मिळतं, असं बोलणं सुरू झालं. तेराव्याला तर परगावच्या बायका तिच्या फोटोला कुंकू लावायला आल्या. मला ते बघवेना. मी मागच्या दारी बसलेल्या अक्काजवळ गेले आणि हळूच म्हणाले, ती मदत मागत होती हो.

अक्काने पदर तोंडाशी धरला. "मले ठाऊक शे," ती म्हणाली. "पन ते तिनी पोरले कोन सांगी?"

काकूची मुलगी चाळीसगावला दिलेली. बाळंतीण असल्यामुळे विसर्जनाला आली नव्हती. आतल्या खोलीत ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि आलेल्या बायकांना सांगत होती की आईने शेवटी हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद दिला. सांगताना तिचा चेहरा शांत होता. मला बघून म्हणाली, "ताई, तू तर तिथेच होतीस ना? सांग ना यांना."

मी हो म्हणाले.