विचारून मढी उठवणारा

कारेगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी काय करावं, हे ठरलेलं आहे. कपडे धुवावेत, मटण आणावं, आणि गावाकडे फोन करून ‘सगळं बरं हाय’ असं खोटं बोलावं. आम्ही चौघांनी त्यात मढी उठवण्याची भर घातली.

म्हणजे खेळात. सतरंजीवर बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट पुढे नेणारा आमच्याच कंपनीतला क्वालिटी इन्स्पेक्टर, शिरूरचा. दिवसभर आम्ही केलेले पार्ट रिजेक्ट करून त्याचं पोट भरत नसावं, म्हणून सुट्टीला तो आमचे बेत रिजेक्ट करायचा. माझा बिहारी रूममेट योद्धा होता, स्टोअरमधला एकजण वैद्य होता, आणि मी मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक.

पात्राचा स्वभाव आधी सांगावा लागतो. चांगला, वाईट की मधला. मी म्हणालो, मधला.

“मढी उठवतो आन् वाईट न्हाई?” इन्स्पेक्टर म्हणाला.

“चांगलापण न्हाई.”

रूममेट काळजीत पडला. “भाई, ये अपना आदमी है कि विलेन?”

आमच्या भागात राहून मधला स्वभाव कुणाला समजावून सांगावा लागेल, असं मला वाटलं नव्हतं. एखाद्या सोसायटीची निवडणूक लागली की मयत सभासद मतदानाला उठतात म्हणे, आणि उठवणाऱ्याला कुणी मांत्रिक म्हणत नाही, पॅनेलप्रमुख म्हणतात. पण माझ्या डोळ्यांसमोर होते ते आमचे आप्पा, म्हणजे वडील. पाटसकडच्या आमच्या घरी दोन्ही पॅनेलची माणसं चहा पिऊन जायची, आणि आप्पांचं मत कुणाला ते आईलाही कधी कळलं नाही. आई विचारायची, “शेळी इकायची का?” आप्पा तंबाखू मळत बसायचे. आई जरा वेळ थांबायची आणि म्हणायची, “न्हाई म्हनत न्हाईत.” शेळी विकली जायची.

तर माझ्या मांत्रिकाचा एकच नियम होता. मढ्याला विचारल्याशिवाय उठवायचं नाही. समोर राक्षस दात विचकत असायचा, योद्धा रक्तबंबाळ झालेला असायचा, आणि मी एखाद्या थडग्यापाशी वाकून म्हणायचो, “आबा, उठता का?” फासा नाही म्हणाला की नमस्कार करून पुढच्या थडग्याकडे जायचो. रूममेटचा योद्धा माझ्या ह्या सभ्यपणापायी दोनदा मरता मरता वाचला.

“हितं जित्या मानसाला ओव्हरटाइमला थांबता का म्हनून कोन इचारत न्हाई,” इन्स्पेक्टर वैतागून म्हणाला, “आन् तू मढ्याला अहो-जाहो करतुयास.”

त्याचं चुकत नव्हतं. पण नियम माझ्या डोक्यातून आलेला नव्हता, तो घरून आला होता. आमच्या देव्हाऱ्यात बिरोबाच्या शेजारी आमचीच मेलेली माणसं बसतात. घरातलं मोठं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची छोटी आकृती ठोकून घ्यायची, त्याला टाक म्हणतात. मग त्याला आंघोळ, भंडारा, सणाला निवद. ह्याला कुणी काळी जादू म्हणत नाही, कारण ते रोज सकाळी होतं आणि आई करते. फक्त गेलेल्या माणसाने आधी स्वप्नात येऊन जागा मागायला हवी, असं आईचं म्हणणं.

आप्पांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि ते कुणाच्याच स्वप्नात आले नव्हते.

चुलते म्हणाले, “वैनी, करून टाका. जागा हाय देव्हाऱ्यात.”

“न इचारता बशिवलं आन् त्यास्नी नको आसंल तर?” आई म्हणाली. बोलणं ठाम होतं, पण मी गावी गेलो की सकाळी तिचं तोंड उतरलेलं असायचं. आप्पा रागावून गेले, असं तिने मनात घेतलं होतं. सगळ्यांचे टाक पुसताना ती शेवटी मोकळ्या जागेवरूनही फडकं फिरवायची. ते मला बघवत नसे.

म्हणून मी दौंडला सोनाराकडे चौकशी करून आलो. त्याच्याकडे पुरुषमाणसाचा एकच ठसा होता, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. आप्पा जन्मात एकदाच घोड्यावर बसले, लग्नात, आणि तेव्हाही पडले. मी परत आलो.

इकडे खेळात माझी फौज वाढत होती. कुठलं मढं कुठे उभं आहे ते दाखवायला सोंगट्या लागायच्या. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे तुकडे भंगारात पडलेले असतात. त्यांवर पोलादी पंच ठोकून मी एकेक मढं बनवत गेलो. एक सांगाडा, एक शिपाई, एक जोगतीण. एक म्हातारा मेंढक्या केला, फेटा आणि काठी. शेवटी पंच घसरला आणि त्याचा एक पाय आखूड झाला. म्हटलं, मढंच आहे, त्याला कुठे भरतीला उभं राहायचंय.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा तो मेंढक्या पँटच्या खिशातच राहिला, आणि ती पँट मी धुवायला टाकून आलो. दोन दिवसांनी आईचा फोन आला.

“आप्पा आलं,” ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

“सपनात?”

“न्हाई. तुझ्या पँटीच्या खिशात.”

ती सांगत राहिली. फेटा तोच, काठी तीच, आणि ऊस भरताना ट्रॉलीवरून पडल्यापासून आखूड झालेला डावा पाय, तोही तसाच. तेव्हा कुठे मला कळलं, मी कुणाला ठोकून काढलं होतं ते. पाय तेवढा पंच घसरून झाला खरा, पण बाकीचे आप्पा माझ्याच हाताने केले होते, आणि हाताने मला पत्ता लागू दिला नव्हता.

पुढच्या सुट्टीला मी गावी निघालो. “एक मढं कमी हाय, हिशेब लागत न्हाई,” इन्स्पेक्टर म्हणाला. मेंढक्या घरी गेला, असं मी सांगितलं. रूममेटने हात जोडले.

देव्हाऱ्यात सगळ्या चांदीच्या पूर्वजांमध्ये भंगाराचा पत्रा बसलेला होता. रोजच्या आंघोळीने त्याच्या कडा गंजायला लागल्या होत्या. आईला सगळं नीट सांगायचं, असं एसटीत ठरवून आलो होतो. हा खेळ आहे, ही सोंगटी आहे, तुझी गफलत झाली. पण आईनेच आधी विचारलं.

“तूच केलास न्हवं ह्यो?”

“व्हय. खेळायला केलाता.”

मला वाटलं, आता ती तो उचलून माझ्या हातात देईल. तिने हात लावला नाही.

“करताना इचारलंतंस का त्यास्नी?”

कुठल्या कुठल्या स्मशानांत मी न जन्मलेल्या मढ्यांनासुद्धा अहो-जाहो करून विचारत हिंडलो होतो.

“न्हाई,” मी म्हणालो.

“मग इचार की आता.”

मी देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसलो. खेळात असं मी इतक्यांदा विचारलं होतं, पण इथे तोंडातून निघेना. इथे फासा नव्हता.

“आप्पा,” मी म्हणालो, “ऱ्हाता का हितं?” आणि मला रडू फुटलं.

आई पत्र्याकडे बघत जरा वेळ थांबली. मग चिमूटभर भंडारा घेऊन तिने तो गंजक्या कपाळाला लावला.

“न्हाई म्हनत न्हाईत,” ती म्हणाली.