सोमवारची गाडी

“आणि उतरायचं कुठून? खिडकीतून?”

भुवनेश्वरीनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शिवानंद अंगणात गुडघ्यांवर बसून चादरीचं टोक पायरीला भिडवत होता. फाटकापासून पायरीपर्यंत दोन चादरी एकीपुढं एक अंथरल्या होत्या आणि रुंदीला कमी पडलं म्हणून कडेनं टॉवेल लावले होते. घरात टेप नव्हती असं नाही. पण चाटी गल्लीत चादरी-टॉवेलच्या दुकानात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला लांबी-रुंदी चादरीतच कळायची. पलंग घेतानाही त्यानं दुकानदाराला ‘सिंगल चादर पुरंल का डबल लागंल’ एवढंच विचारलं होतं.

“गाडी बसतीय की,” तो हात झटकत उठला. “लांबीला दोन चादरी, रुंदीला चादर अन् वर टॉवेल. बरोब्बर बसतीय.”

“दारं मिटून बसतीय. उघडली की एक दार जिन्याला लागणार आणि एक पाण्याच्या टाकीला. मग माणसं आतच राहायची का?”

“मम्मी, सगळ्यांनी बाहेर उतरायचं. मग गाडी आत घ्यायची,” मुलगा गुरू म्हणाला. दुकानाचा ऑनलाइन धंदा तो बघत होता आणि महिनाभर गाड्यांचे व्हिडिओही तोच बघत होता.

“आणि चालवणारा?”

“तो फटीतनं निघतो.”

“तू निघशील. तुझे पप्पा अडकतील.”

जिन्याखालच्या खुर्चीत बसलेले आप्पा, म्हणजे तिचे सासरे चन्नप्पा, फिस्सकन हसले. शिवानंदनं पोट आत घेतलं आणि चादरीची घडी घालायला लागला.

गाडी जर्मन कंपनीची होती. लांबीला आटोपशीर, पण आत सगळा थाट. छोटी लक्झरी एसयूव्ही. पैशावरून घरात वाद नव्हता. हॉटेलांना टॉवेल पुरवायचं काम चांगलं चाललं होतं आणि घरावर कर्ज नव्हतं. शिवानंदचं म्हणणं असं, की पुण्याच्या, हैदराबादच्या मोठ्या हॉटेलवाल्यांना भेटायला गेल्यावर आपली लहान लाल गाडी दोन गल्ल्या अलीकडं लावून चालत जावं लागतं. लावावी लागते असं नाही, पण लावली जाते. शिवाय लांबच्या रस्त्याला मजबूत गाडी बरी, एअरबॅगा जास्त, डिकी मोठी. गुरूचं म्हणणं असं, की तिला सनरूफ आहे.

“सोलापुरात छप्पर उघडून काय करणार बे?” आप्पांनी विचारलं. “पापड वाळवणार?”

“आप्पा, काच असतीय. रात्री चांदण्या दिसतात.”

“गच्चीवर जा. तितं फुकट दिसतात.”

“आणि बिघडली की?” भुवनेश्वरीनं धागा सोडला नाही. “सर्व्हिसला पुण्याला न्यायची. चार दिवस ती तिकडं, आपण इकडं. लाल गाडीचं काही झालं की कोपऱ्यावरचा बसप्पा येऊन उभ्या उभ्या बघून जातो.”

“लाल गाडी आता कुठं राहणाराय? ती एक्स्चेंजमध्ये चाललीय.”

“मग मी सोमवारी काय चालवू?”

शिवानंदनं घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. “नव्या गाडीला लगेच तुझा हात नको. जरा जुनी होऊ दे. साधा ओरखडा आला तरी पुणं गाठावं लागतंय. सोमवारी दुकानातला शिवपुत्र सोडून येईल की तुला.”

“सोडून येईल,” भुवनेश्वरी म्हणाली. “पार्सल सोडतात तशी.”

ती आत निघून गेली. भांडण संपलं नव्हतं, फक्त एक बाजू स्वयंपाकघरात गेली होती.

तिचं माहेर मैंदर्गीचं. अक्कलकोटच्या पुढं, जिथं माणसं भाव मराठीत विचारतात आणि घासाघीस कन्नडमध्ये करतात. एकोणिसाव्या वर्षी ती सोलापुरात आली. सुरुवातीची वर्षं चादरींच्या दशांना गाठी मारण्यात, मग गुरूला वाढवण्यात, मग सासूबाईंच्या आजारपणात गेली. माहेरी जायचं म्हणजे कुणाला तरी सवड व्हायला हवी. बहुतेक कुणाला नसायची. तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. बायकांचं माहेर असंच असतं, असं ती धरून चालली होती.

मग एका सकाळी अण्णा, म्हणजे तिचे वडील, गेल्याचा फोन आला. शिवानंद इचलकरंजीला गेलेला, गुरू कॉलेजच्या सहलीला. लाल गाडी अंगणात उभी होती. किल्ली खिळ्याला होती. भुवनेश्वरी गल्लीतली तीन घरं फिरली. चालवणारं माणूस एकाही घरात नव्हतं. ती एसटीनं अक्कलकोटला गेली आणि तिथं स्टँडवर पुढच्या गाडीची वाट बघत बसली. पोचली तेव्हा अण्णांना लिंगायत रीतीप्रमाणे समाधीत बसवून माती लोटून झाली होती. वर बेलाची पानं होती. तिनं ती बघितली आणि परत आली.

पुढच्याच आठवड्यात तिनं ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. वय चव्वेचाळीस. शिवानंद हसला, आप्पा हसले, क्लासचा मास्तर तर समोर बसून हसला. तिनं क्लच सोडताना गाडी इतक्या वेळा बंद पाडली, की मास्तरनं हसायचं सोडलं आणि कपाळाला हात लावायला सुरुवात केली. पण शिकली. तेव्हापासून दर सोमवारी, देवाचं आणि स्वयंपाकाचं उरकून, ती लाल गाडी काढायची आणि एकटी मैंदर्गीला जायची. घराबाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटं ती रेडिओसुद्धा लावायची नाही. कुणी काही मागत नाही, हेच ऐकत जायची.

अव्वा, म्हणजे तिची आई नीलम्मा, आता तिथं एकटी. पूर्वी लेकीबरोबर सोलापूरला यायची, आठ दिवस राहायची. पण गुडघे गेले आणि लाल गाडी बुटकी. आधी कमरेत वाकायचं, मग अंग टाकायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. उतरणं त्याहून वाईट. गेल्या दिवाळीत फाटकापाशी एका हाताला जावई आणि दुसऱ्या हाताला नातू लागला, तेव्हा कुठं ती बाहेर निघाली. पदर सुटला, समोरच्या गॅलरीतल्या दोघी बघत होत्या. परत जाताना अव्वा म्हणाली, “आता मी न्हाय यायची. तूच येत जा.”

म्हणजे आता सगळं त्या सोमवारवर होतं. आणि सोमवार लाल गाडीवर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुण्याहून कंपनीचा माणूस दाखवायची गाडी घेऊन आला. काळी, चकचकीत. गल्लीत वळताना त्यानं दोन्हीकडचे आरसे मिटले. भुवनेश्वरीनं शिवानंदकडं बघितलं, शिवानंदनं आभाळाकडं.

“विजापूर रोडनं एक चक्कर मारू, सर,” सेल्समन म्हणाला.

“चक्करच मारायची तर मैंदर्गीपर्यंत मारू,” भुवनेश्वरी चपला घालत म्हणाली. “खड्डे तिकडं आहेत. रस्ता चांगला असला की बैलगाडीपण चांगली वाटते.”

सेल्समनला ते लांब पडत होतं, पण गिऱ्हाईक मोडायची छाती नव्हती. आप्पा घरीच राहिले. निघताना तो सगळं ‘सर, सर’ करून शिवानंदला सांगत होता. तिच्या वाट्याला एकच आलं, “मॅम, मागं पाय ठेवायला बघा किती जागा आहे.” ती मागं बसली आणि जागा बघितली. जागा होती. खड्डे खरंच कळत नव्हते. आत एसी इतका शांत होता की शिवानंदचं घोरणं ऐकू आलं असतं, पण आधी तो गाडी चालवत होता, मग गुरूला ‘हळू, हळू’ म्हणत होता. तिनं आजवर किती सोमवार या रस्त्यावर काढले हे गाडीतल्या दुसऱ्या कुणी मोजलं नव्हतं. शिवानंद तिच्या शेजारी बसून इकडं कधी आलाच नव्हता. तो असला की तोच चालवायचा.

अव्वा ओसरीवर होती. गाडी बघून तोंडावर हात ठेवून म्हणाली, “छलो अद, गाडी छलो अद. चांगली हाय की!” मग सगळ्यांना चहाला आत बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. सेल्समन चटणीत रंगला. भुवनेश्वरी भांडी घेऊन मागं गेली. अव्वा कुठं गेली याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

बाहेरून नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा सगळे धावले.

बॉनेटवर इबत्तीच्या, म्हणजे भस्माच्या, वडीनं तीन जाड पट्टे ओढले होते, मधोमध कुंकू. चाकाखाली लिंबू. नारळाचं पाणी पुढच्या काचेवर शिंपडून झालं होतं आणि अव्वा एका हातानं काठीवर रेलून दुसऱ्या हातानं उदबत्ती ओवाळत होती.

“अहो आजी!” सेल्समनच्या हातातली भाकरी पडली. “ही कंपनीची गाडी आहे! त्या वडीनं ओरखडे येतात!”

“सासूबाई, अजून घेतली न्हाय,” शिवानंद खाली आवाजात म्हणाला. “नुसती बघायला आणलीय.”

“मग दारात कशाला आणली?” अव्वानं विचारलं. “दारात आलेली गाडी मी तशीच उभी ठेवू व्हय?” आणि उत्तराची वाट न बघता तिनं हाक मारली, “भुवना, बस. लिंबू चिरड.”

गुरू पुढं झाला. “मी बसतो, आज्जी.”

“तू कुटं येतोस सोमवारी? येते ती हीच. हिचीच की गाडी.” तिनं लेकीकडं बघितलं. “मघाशी उतरताना बघितलं मी. नी याक हिंद कुंती? मागं का बसली होतीस?”

सेल्समन मायक्रोफायबरचं फडकं शोधत होता, तो म्हणाला, “लायसन्स आहे का, मॅम?”

“आहे.”

ती स्टिअरिंगपाशी बसली. तेवढ्यात अव्वानं पलीकडचं पुढचं दार उघडलं. भुवनेश्वरी ओरडली, “थांब, गुरूला धरू दे.” अव्वा थांबली नाही. पाठ गाडीकडं केली, काठी टेकली आणि नुसती सीटवर टेकली. वाकावं लागलं नाही. सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती. मग ती हळूच वळली, पाय आपले आपण आत आले, आणि अंगावरचा पदर सारखा करून ती समोर बघत बसली. घरातल्या खाटेवर बसते तशी.

भुवनेश्वरीला तिच्याकडं बघवेना. तिनं ब्रेकवरचा पाय सोडला तशी गाडी सरकायला लागली. डावा पाय क्लच शोधत होता. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नव्हता, त्यानं ब्रेकच दाबला आणि गाडीनं जागच्या जागी असा हिसका दिला की मागं शिवानंदबरोबर चढलेला सेल्समन पुढच्या सीटवर आदळला.

“मॅम, डावा पाय विसरा!”

“विसरले,” ती म्हणाली, आणि लिंबू चिरडलं.

वेशीपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. ती अक्कलकोटच्या फाट्यापर्यंत गेली. अव्वानं एकदाही आधाराची दांडी धरली नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा भुवनेश्वरीनं गाडी कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं, पुन्हा वर आणली. मागून शिवानंद म्हणाला, “हळू.” थोड्या वेळानं म्हणाला, “बरी चालवतीस.”

परत आल्यावर अव्वा उतरलीही तशीच. आधी पाय, मग काठी, मग ती. कुणाचा हात नाही. ओसरीची पायरी चढून तिनं एवढंच विचारलं, “घरची गाडी कवा येतीय?”

संध्याकाळी जेवायला बसल्यावर शिवानंदचाच पाय मागं सरायला लागला होता. त्या सेल्समननं जाताना बॉनेट तीनदा पुसलं, तरी इबत्तीच्या बारीक रेघा राहिल्या, त्यावरून शिवानंदचं तोंड कडू झालं होतं. शिवाय गल्ली. शिवाय दारं. “बघू पुढच्या वर्षी,” तो म्हणाला. “तू म्हणतीस त्यातपण तथ्य हाय.”

“पप्पा, आता?” गुरूनं ताट बाजूला सारलं.

“पूजा झालेली गाडी परत गेली,” आप्पा म्हणाले. “हे काय बरं न्हाय बे.”

भुवनेश्वरी तव्यापाशी होती. कालपासून ती जे जे बोलली होती ते सगळं खरं होतं. दारं उघडणार नव्हती. सर्व्हिसला पुण्याला न्यावीच लागणार होती. सोलापूरच्या उन्हात त्या काचेच्या छपराचा काडीचा उपयोग नव्हता, आणि लाल गाडी गेली की तिला रडू येणार होतं, हेही तिला माहीत होतं. दुसऱ्या बाजूला सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. अव्वा बसली होती, कुणाचा हात न धरता, एवढंच.

तिनं शेवटची भाकरी उलटली, गॅस बंद केला, आणि ताटांपाशी येऊन उभी राहिली.

“गाडी घ्यायची,” ती म्हणाली. “लाल द्यायची असेल तर द्या. नवी आली की त्या सोमवारी मी ती घेऊन मैंदर्गीला जाणार आणि अव्वाला इकडं राहायला आणणार. मीच चालवणार. दर सोमवारी गाडी माझ्याकडं असेल. त्या दिवशी तुम्हाला कुठं जायचं असलं तर शिवपुत्रला सांगा, तो सोडेल.”