जिथल्या तिथं

माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यातून टकटक आवाज यायला लागला, तेव्हा मला आधी वाटलं, आत पाल शिरली. झाकण उघडून बघितलं तर पाल नव्हती. जुनी हार्ड डिस्कच आतल्या आत ठेचकाळत होती.

कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीजवळच्या रामनगरला रस्त्याकडच्या खोलीत मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बाराव्याची पत्रकं टाइप करून देते. एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. त्यासाठीचा टायपिंगचा जुना प्रोग्रॅम बेळगावच्या ज्या दुकानदाराने घालून दिला, त्याचं दुकान कधीच बंद पडलं. प्रोग्रॅमची सीडी आता कुणाकडेच नाही. नवरा म्हणाला, "नवीन घेऊन टाक, हे भंगारात घाल." त्याला काय जातं सांगायला! नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम येणार नव्हता, आणि माझी बोटं दुसरा कळफलक मानत नाहीत. डिस्क गेली असती तर ऐन लग्नसराईत माझा धंदा बसला असता.

उपाय एकच होता. डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, जसंच्या तसं एसएसडीवर, म्हणजे नव्या, न फिरणाऱ्या डिस्कवर उतरवायचं. एसएसडी मागवली. ती हातात आली तेव्हा मी खुळ्यासारखी उलटीपालटी करून बघत बसले. बिस्किटाच्या पुड्याहून लहान, वजन नाही, आत फिरणारं काही नाही, कानाशी धरून हलवली तर खुळखुळतही नाही. हिच्यात माझा एवढा पसारा राहणार कुठे? मला असल्या गोष्टींचं भारी कुतूहल. मिक्सर बिघडला तरी मी आधी उघडून बघते, मग दुरुस्तीला देते.

व्हिडिओ बघून बघून कुठली वायर कुठे ते शिकले आणि एका दुपारी काम सुरू केलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. मी भाजी आणायला बाजारात गेले. परत आले तर पडदा काळा.

आमच्याकडे एक रिवाज आहे. वळवाच्या दिवसांत लांब कुठे गडगडलं की घरातली बाई उठते आणि सगळ्या वायरी उपटते. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मोबाइलचा चार्जर. डिशची वायर तर सरळ खिडकीबाहेर भिरकावतात. डोंगरातल्या तारांवरून वीज घरात शिरते, हे इथे बहुतेकांनी एकदा तरी भोगलंय. माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, तेच केलं होतं.

"गडगडलं की गं! जळलं असतं तुझं मशीन," असं म्हणून त्या शाबासकीची वाट बघत उभ्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कुणावर? मी घरी असते तर मीही तेच केलं असतं. जुनी डिस्क चालू केली. टकटक करत, थांबत, कण्हत ती एकदाची सुरू झाली. नव्या डिस्कवर मात्र अर्धवट, कुचकामी काहीतरी उतरलं होतं. सगळं पहिल्यापासून करायचं होतं आणि जुनी तोवर दम धरेल याचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाळ स्वच्छ बघून, पुन्हा पट्टी सुरू केली. आत्ती स्टूल घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"नेमकं काय नेतीस गं तू हिकडनं तिकडं?"

"सगळं, आत्ती. नवीन विंडोज घातलं असतं तर नवं घर मिळालं असतं, पण रिकामं. हे तसं न्हाई. ह्यात जे जिथं हाय, ते तिथंच ऱ्हातंय."

"जिथल्या तिथं?"

"व्हय."

"जिथल्या तिथं," त्या पुन्हा स्वतःशीच पुटपुटल्या. आत्तींचं माहेर काळी नदीवरच्या सुपाच्या धरणात गेलं. भांडी, कोंबड्या, देव गाडीत घालून त्यांना लहानपणी इकडे आणलं, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे विचारलं तर "गेलं पाण्यात" म्हणून त्या विषय मिटवायच्या.

जुनी डिस्क इतकी रखडत होती की दुपार झाली तरी पट्टी पुरी होईना. आणि डोंगराआडून गडगडलं. आत्तींचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"आत्ती, नको!"

"अगं, जळंल की."

"जळू दे. आता थांबलं तर परत न्हाई व्हायचं."

म्हणाले खरं, पण डोळे खिडकीकडेच होते. वीज आली असती तर जुनं-नवं दोन्ही गेलं असतं. आत्तींनी हात मागे घेऊन पदरात गुंडाळला. पुन्हा गडगडलं, आता जवळ. त्या उठल्या, टीव्हीची वायर काढली, फ्रिजची काढली, डिशची बाहेर भिरकावली आणि परत स्टुलावर येऊन बसल्या. माझ्या वायरीला हात लावला नाही. "सर की गं बाई," असं त्या पट्टीला विनवत होत्या.

पट्टी पुरी झाली. मी मशीन बंद करून वायर उपटली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. गडगडाट गोव्याकडे निघून गेल्यावर जुनी डिस्क सोडवून नवी जोडली. बटण दाबलं, तर आवाजच नाही. बिघडलं, असं वाटतंय तोवर पडदा उजळला. टायपिंगचा प्रोग्रॅम उघडला, बोटांनी न बघता 'श्री गणेशाय नमः' उमटवलं, आणि अक्षरं तीच आली, माझी नेहमीची. मला चक्क रडू आलं.

आत्ती पडद्याशी नाक नेऊन बघत होत्या. तिथे माझ्या फाइलींची बारकी चित्रं नेहमीसारखी वेडीवाकडी पसरली होती.

"हे हितंच हुतं?"

"हितंच."

"आणि ह्याच्या शेजारी हेच?"

"हेच. शेजारसुद्धा बदलला न्हाई."

"आमचा बदलला," त्या म्हणाल्या. "हितं घर बांधलं, पण भिंतीपल्याड कोण, तर कवा न बघितलेली माणसं. आई सवयीनं जुन्या शेजारणीला हाक मारायची. ओ कोण देणार?"

मग त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "हे आमचं घर धर. हे थोरल्या काकाचं. मधी फणस. हितनं खाली गेलं की काळी नदी." बोट सरकत सरकत पडद्याच्या कडेला पोचलं आणि थांबलं.

मी माऊस सोडला.

"आणि ह्या अंगाला, आत्ती? हितं कोण ऱ्हायचं?"

"थांब, सांगते," म्हणत त्यांनी स्टूल पुढे ओढलं.